शाळेशेजारची बाग आणि मे महिन्याचं पाणी

सिंधुदुर्गातल्या एका नगरपंचायतीच्या हद्दीतून एका गृहस्थांनी विचारलं आहे. त्यांच्या घरांना लागून बारा गुंठ्यांची सार्वजनिक बाग आहे. दोन पाळणे मोडलेले, घसरगुंडी तळाशी गंजून भोक पडलेली, गडगा (दगडी कुंपण) दोन ठिकाणी ढासळलेला आणि तिथून गुरं आत येतात. बागेच्या पलीकडे पाचवी ते दहावीची अनुदानित शाळा आहे. शेजारची वीसेक घरं आणि शाळा मिळून ही बाग सुधारायची आहे, मुख्याध्यापिका बाईंचीही तयारी आहे. त्यांचे प्रश्न तीन: ५ जूनला शंभर झाडं लावून सुरुवात करायची आहे तर कोणती लावावीत, खेळणी कोणती घ्यावीत, आणि हे सगळं टिकवायचं कसं?

शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण पहिल्या दोघांची उत्तरं त्याच्यावर अवलंबून आहेत. पण त्याआधी एक सांगून टाकते. ५ जून रद्द करा आणि शंभर झाडंही रद्द करा.

मी रत्नागिरी तालुक्यात पंचवीस वर्षं रोपवाटिका चालवते. शाळांच्या आवारात, वाड्यांच्या मैदानांत, नगरपरिषदांच्या बागांत मिळून किती लागवडी केल्या ते कधी मोजलं नाही, पण मेलेल्या लागवडी मला एकेक आठवतात. पावसात कुजून गेल्या त्या थोड्या. बाकीच्या सगळ्या एप्रिल-मेमध्ये वाळून गेल्या. म्हणजे शाळा बंद असताना.

आपल्याकडचं शाळेचं वर्ष आणि रोपाचं वर्ष जरा शेजारी ठेवून बघा. शाळा १५ जूनला उघडते, तेव्हा पाऊस लागलेला असतो. माती मऊ, पोरं ताजीतवानी, लावाल ते जगतं. सप्टेंबरपर्यंत रोपाला कोणाची गरज नसते. दिवाळीच्या सुट्टीतही निभतं, जमिनीत ओल असते. जानेवारी उलटला की कातळ तापायला लागतो आणि नेमकं तेव्हापासून शाळेचं लक्ष परीक्षेकडे. १ मेच्या सुमारास निकाल लागला की शाळेला कुलूप. रोपाला माणूस सगळ्यात जास्त लागतो त्या सहा आठवड्यांत शाळेत चिटपाखरू नसतं. उलट तुमच्या वीस घरांत त्याच वेळी अंथरुणं पुरत नाहीत, मुंबई-पुण्याहून चाकरमानी आणि नातवंडं आलेली असतात. शाळा आणि शेजारी यांची भागीदारी म्हणजे माझ्या मते एवढीच वाटणी आहे: जून ते एप्रिल शाळेचे, मे महिना शेजाऱ्यांचा. बाकी सगळं त्याच्या पुढे-मागे रचता येतं.

हे मी ठोकर खाऊन शिकले. एका शाळेसाठी मी बासष्ट रोपं दिली होती, लावून दिली होती, पैसेही घेतले होते. एप्रिलच्या शेवटी गेले तेव्हा सगळी तजेलदार. पावसाच्या तोंडावर पुन्हा गेले तर चौदा उरलेली. शेजारची माणसं वाईट नव्हती. एका आजींनी मला सांगितलं, "बाय, रोज बघत होतो गो, पण नळाला कुलूप आणि किल्ली शिपायाकडे. शिपाई गावाला." गडग्याच्या अलीकडे विहिरीला पाणी, पलीकडे रोपं वाळतायत आणि मधे पितळेचं एक कुलूप. तेव्हापासून कुठलाही करार बघायला बसले की मी पहिल्यांदा विचारते, नळाची किल्ली किती जणांकडे?

पाण्याचा हिशेब आजच करून ठेवा. चाळीस रोपं धरा, शंभर नाही. का ते पुढे येईल. एका रोपाला एका वेळी १० लिटर, आठवड्यातून दोनदा. म्हणजे आठवड्याला ८०० लिटर. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मेअखेरपर्यंत सोळा-सतरा आठवडे, म्हणजे तेरा-साडेतेरा हजार लिटर. नगरपंचायतीचा नळ उन्हाळ्यात एक दिवसाआड येत असेल तर त्याच्यावर विसंबू नका. गंमत बघा, आपल्या पट्ट्यात वर्षाला ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. शाळेचं १०० चौरस मीटरचं छप्पर धरलं तर तीन लाख लिटर पाणी त्या एकट्या छपरावरून पागोळ्यांनी गटारात जातं, आणि मे महिन्यात आपण टँकर शोधतो. १०,००० लिटरची टाकी बसवली आणि शेवटच्या पावसाने भरून घेतली तर तुमचा तीन-चतुर्थांश उन्हाळा सुटतो. पण टाकीला घट्ट झाकण हवं, डासांसाठीही आणि पोरांसाठीही. पैसे कमी असतील तर खेळणी पुढच्या वर्षी घ्या, टाकी यंदा घ्या.

आता ५ जून का नको. पर्यावरण दिन जगाचा आहे, पाऊस आपला आहे. ५ तारखेला शाळा उघडलेली नसते, पोरं नसतात, पाऊस आला तर वळवाचा येतो आणि पुढे आठ दिवस कोरडं ऊन. फोटो होतो, रोप जातं. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात दोन-तीन चांगल्या सरी होऊन गेल्यावर, पाऊस जरा उघडीप देईल तो दिवस धरा. तारीख आधी छापू नका. मुख्याध्यापिका बाईंना सांगा की आदल्या दिवशी परिपाठात जाहीर होईल. ज्यांना पाहुणे बोलवायचे असतील त्यांची पंचाईत होते, ती होऊ दे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण हे कंटाळवाणं असलं तरी चुकलं की सगळं फुकट. बाग कोणाच्या नावावर आहे ते मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर बघा. 'नगरपंचायतीचीच आहे' असं सगळे म्हणतात आणि उतारा काढला की लेआउटमधली खुली जागा निघते, नाहीतर देवस्थानची निघते. मग मुख्याधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या. मागणी फक्त देखभालीची, बांधकामाची नाही. सभेत ठराव होऊ दे आणि ठरावाची नक्कल तुमच्याकडे असू दे. जुनं झाड तोडायचं किंवा मोठी फांदी उतरवायची झाली तर परस्पर कोयता लावू नका. नगरपंचायत हद्दीत झाडांच्या जतनाचा १९७५ चा कायदा लागू आहे आणि परवानगी लागते. समुद्र जवळ असेल तर पक्कं काही बांधण्याआधी सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं, विचारून घ्या. वरून विजेच्या तारा जातात का तेही आत्ताच बघा, नाहीतर सात वर्षांनी वीजवाले येऊन झाडाचा शेंडा कापून जातील आणि त्यांचंही चूक नसेल.

शाळेच्या बाजूचा कागद याहून महत्त्वाचा. बाईंची तयारी आहे ही मोठी गोष्ट, पण बाई निवृत्त होतील, बदलतील. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे अशा शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात निदान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. या समितीच्या सभेत विषय ठेवा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. त्या पालकांतले चार-पाच तुमच्याच आळीतले निघतील, मग शाळा वेगळी नि शेजारी वेगळे हा भेद तिथेच मिटतो. दुसरं, शिक्षकांवर ही बाग लादू नका. कायद्यानेच त्यांना जनगणना, निवडणूक, आपत्ती सोडून अध्यापनाबाहेरच्या कामाला जुंपता येत नाही, आणि आधीच त्यांच्या मागे फॉर्म भरायची कामं कमी नाहीत. बाग त्यांच्या तासात बसली पाहिजे. मोजमाप गणितात, माती आणि पाणी विज्ञानात, आळी खणणं कार्यानुभवात. तसं झालं तर शिक्षक स्वतःहून येतात. नाही बसली तर पहिल्या वर्षी उत्साहाने येतात, दुसऱ्या वर्षी तोंड चुकवतात.

आणि एक कळकळीची विनंती. बागेत पाणी घालणं ही शिक्षा होऊ देऊ नका. गृहपाठ न करणाऱ्यांना बादली देऊन बाहेर पाठवणारी एक शाळा मी बघितली आहे. तिथली झाडं पोरं जाता-येता लाथेने वाकवायची. मुलींनी झाडायचं आणि मुलग्यांनी खणायचं, ही वाटणीही पहिल्या दिवशीच मोडा. आठवीतली मुलगी पहार चालवते, मी बघितलंय.

तुम्ही पत्र फेब्रुवारीत पाठवलंत हे फार बरं केलंत. जूनपर्यंत झाड न लावता करण्यासारखं पुष्कळ आहे.

सातवी-आठवीच्या पोरांना टेप देऊन बाग मोजायला लावा. बारा गुंठे म्हणजे १३,००० चौरस फुटांच्या आसपास, आलेखाच्या कागदावर सहज बसतं. आता आहेत ती झाडं, नळ, तारा, दुपारी सावली कुठे पडते, लोक कुठून चालतात ती पायवाट, सगळं त्या नकाशावर येऊ दे. पायवाट खोडायचा प्रयत्न करू नका. माणसं चालतात तिथेच रस्ता करा. मग विचारपूस: बागेत कोण येतं, कोण येत नाही आणि का. हे मुलांनी घरोघरी जाऊन विचारावं, पण मुलींना वेगळं विचारा, मोठ्या माणसांसमोर नको. एका गावात आठवीच्या मुलींनी आम्हाला लिहून दिलं होतं की आम्हाला बसायला जागा हवी, पण रस्त्यावरून दिसेल अशी हवी, आणि क्रिकेटच्या चेंडूच्या आवाक्याबाहेर. आम्ही तोपर्यंत बाकडी मागच्या कोपऱ्यात, सुरंगीच्या सावलीत ठेवायच्या विचारात होतो. निवांत म्हणून. त्या निवांतपणालाच त्या घाबरत होत्या. बाकडी पुढे आणली. म्हाताऱ्या माणसांसाठी बाकाला पाठ आणि हात हवा, उंची दीड फूट; त्याहून खाली बसवलं तर उठताना दुसऱ्याचा हात लागतो.

पहिल्या पावसाळ्यात, जुलैत, हाच नकाशा घेऊन छत्र्यांसकट पुन्हा एक फेरी मारा आणि पाणी कुठे साचतं ते निळ्या खडूने रंगवा. कोरड्या दिवसांत केलेला आराखडा आणि जुलैतली जमीन यांचा आपल्याकडे काही संबंध नसतो. साचलेल्या पाण्यात पोरांना अनवाणी उतरवू नका. लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून, चिखलातून होणाऱ्या तापाची) भीती सिंधुदुर्गात नवीन नाही. हातापायाला जखम असेल त्याने चिखलात कामच करायचं नाही.

आता जमीन. तुमच्याकडे कातळ किती खाली आहे ते लिहिलेलं नाही, पण गडगा ढासळलाय आणि गवत मार्चमध्ये पिवळं पडतं म्हणालात त्यावरून माझा अंदाज, हातभर माती आणि खाली जांभा. याची परीक्षा सोपी आहे. मे महिन्यात चार ठिकाणी दोन बाय दोन फुटांचे, दोन फूट खोल खड्डे घ्या. पहारीने जमेल तिथे पहारीने, नाहीतर ब्रेकर. संध्याकाळी प्रत्येकात दोन बादल्या पाणी ओता, सकाळी आळीतल्या पोरांना काठीने मोजायला लावा किती उरलं. पाणी सगळं मुरलेलं असेल तर झाड लावा. निम्मं तसंच असेल तर तो खड्डा नाही, हंडा आहे. जुलैत तो भरतो, रोप गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहतं, मुळं कुजतात, आणि वरून हिरवंगार दिसत असल्यामुळे ऑक्टोबरपर्यंत कोणाला कळत नाही. अशा जागी खाली खणायच्या भानगडीत न पडता वर चढा: चिऱ्याचा दीड-दोन फूट उंच गोल कट्टा बांधा, तळाशी पाणी जायला भोकं ठेवा, आत माती, शेणखत आणि कुजलेला पातेरा (पालापाचोळा) भरा. तिथे झुडपं आणि लहान झाडं छान येतात आणि कट्टा बसायलाही होतो. मोठं झाड मात्र कट्ट्यात लावू नका, वाऱ्याला उभं राहत नाही.

वाऱ्याचं बोलायलाच हवं. ३ जून २०२० ला श्रीवर्धनजवळ निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडपर्यंत बागा आडव्या झाल्या, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते तुमच्या किनाऱ्याला घासून गेलं. त्यानंतर मी पडलेली झाडं बघत हिंडले. नुसतं वादळ जबाबदार नव्हतं. उन्मळून पडलेल्या कित्येक झाडांची मुळं बुंध्याभोवती गोल फिरलेली होती. पाणी वाहायला बाया डोक्यावर चुंबळ ठेवतात ना, तशीच. ते झाड दहा-बारा वर्षांचं, पण मुळाचा आकार लावतानाच्या काळ्या पिशवीचा. रोप पिशवीत दोन-अडीच वर्षं राहिलं की मुळं भिंतीला लागून वळतात आणि तसंच जमिनीत ठेवलं तर आयुष्यभर तशीच गोल फिरतात. तेव्हापासून शाळेत लागवडीच्या दिवशी मी पहिलं काम हेच दाखवते. पिशवी ब्लेडने उभी चिरायची, मातीचा गोळा हातात घ्यायचा, बाहेरची वळलेली मुळं बोटांनी हलकेच सुटी करायची आणि तळाचा गुंता कात्रीने कापून टाकायचा. पोरं घाबरतात, "मरेल ना!" म्हणतात. नाही मरत. एका पाचवीतल्या मुलाने मुळं सोडवताना बहिणीच्या केसांचा गुंता काढतात तसा एक हात वर धरून दुसऱ्या हाताने सोडवला. त्याला काही शिकवावं लागलं नाही. रोपवाटिकेतून घेताना मोठं रोप मागू नका हेही यातूनच येतं. सहा फुटी रोप दिसायला भारी, पण दीड-दोन फुटी रोप तीन वर्षांत त्याच्या पुढे जातं. मी स्वतः रोपं विकते, मोठ्यात मला जास्त सुटतात, तरी सांगते.

झाडं कोणती? बारा गुंठ्यांत खेळायला मोकळी जागा ठेवून मोठी झाडं दहा-बाराच बसतात. कडेने लावा, मधलं मैदान मोकळं राहू दे. समुद्राकडून वारा येतो त्या बाजूला उंडी, करंज, भेंडी (भाजीची नव्हे, भेंडीचं झाड). खारा वारा यांना चालतो. उंडी हळू वाढते, पण किनाऱ्याचंच झाड आहे, तिच्या बियांचं तेल होड्यांना लावायचे, त्यावर एखाद्या आजोबांकडून पोरांना तासभर गोष्टी मिळतील. आतल्या बाजूला बकुळ, ताम्हण, एखादी सुरंगी, सीता-अशोक सावलीला. ताम्हण आपलं राज्यपुष्प, मेमध्ये फुलतं, म्हणजे चाकरमान्यांना फुललेलं दिसतं. हा विचार मी मुद्दाम करते, कारण जे दिसतं त्याला वर्गणी मिळते. एखादा रातांबा (कोकम) लावा. बाकी अठ्ठावीस झुडपं धरा: अडुळसा, निरगुडी, जास्वंद, कुडा.

काय नको ते जास्त महत्त्वाचं. गुलमोहर नको, लाकूड ठिसूळ, वादळात पहिला तो मोडतो. ऑस्ट्रेलियन बाभूळ नको, सड्यावर पुरेशी लावून झाली आहे. नारळ मुलांच्या बागेत अजिबात नको. झावळ किंवा नारळ कोणाच्या डोक्यावर पडेल त्याला बाग जबाबदार. आणि हापूस नको. मला माहीत आहे तुमच्याकडे हे ऐकून लोक दुखावतील. पण सार्वजनिक जागेतल्या कलमाचा आंबा पिकायच्या आधी भांडण पिकतं, पोरं दगड मारतात, खालून कोणाचं तरी डोकं फुटतं. दाट जंगल करायची मियावाकी पद्धतही कोणीतरी सुचवेलच, चौरस मीटरला तीन-चार रोपं. ती पद्धत तिच्या जागी ठीक. पण जिथे चार वर्षांची मुलं खेळायची आहेत आणि मुलींना आरपार दिसायला हवंय, तिथे मधोमध दाट झाडी मी तरी करणार नाही. शिवाय आपल्याकडे फुरसं हा विषारी साप आहे.

फुरशाचं मनावर घ्या. कातळावरच्या दगडाखाली, गडग्याच्या सांदीत त्याचं घर. ढासळलेल्या गडग्याचे चिरे उचलायचं काम मुलांना कदापि देऊ नका, मोठ्यांनी करायचं, पायात बूट, आधी काठीने किंवा पहारीने दगड उलटा करायचा आणि मग हात घालायचा. विंचूही तिथेच. गडगा नव्याने रचून घ्या, सांदी चिखलाने भरून घ्या आणि दोन्ही बाजूंनी हातभर पट्टा गवत काढून साफ ठेवा. जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशावरचं इंजेक्शन (प्रतिविष) आहे का हे काम सुरू करण्याआधी विचारून ठेवा.

गडग्याच्या आतून निरगुडी आणि अडुळशाची दुहेरी ओळ लावा. गुरं त्यांना तोंड लावत नाहीत. भातकापणी झाली की गुरं मोकाट सुटतात आणि जूनमध्ये लावलेलं सगळं डिसेंबरमध्ये एका रात्रीत खाऊन होतं, हे तुम्हाला सांगायला नको. फाटकाला स्वतःच्या वजनाने मिटणारं बेडं करा. उघडं टाकून जाणाऱ्यांना उपदेश करण्यापेक्षा ते स्वस्त.

गवत नोव्हेंबरमध्ये, हिरवं असतानाच कापा. मार्चमध्ये कापायचं म्हणून ठेवलं तर एखाद्याची विडी किंवा शेजारच्या भाजावळीची ठिणगी, आणि सगळी बाग दहा मिनिटांत काळी. कापलेलं गवत जाळू नका, पातेराही जाळू नका. रोपाच्या आळ्यात वीतभर जाडीचं आच्छादन करा, बुंध्यापासून चार बोटं सोडून, नाहीतर वाळवी चढते. या आच्छादनाने पाणी निम्म्यावर येतं असं माझ्या अनुभवात आहे. शाळेतल्या पोरांना हे काम आवडतं, पातेऱ्यात लोळायला मिळतं ना.

खेळण्यांबद्दल. घसरगुंडी तळाशी गंजली म्हणालात, ते साहजिकच आहे. खारा वारा वरून खातो त्यापेक्षा काँक्रीट आणि पाइप जिथे भेटतात तिथे पाणी थांबून आतून खातं. नवीन घ्याल तर जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप, नटबोल्ट स्टेनलेसचे, आणि काँक्रीट जमिनीच्या दोन इंच वर घेऊन बाहेर उतार द्या. रंग दिवाळीनंतर द्या, पावसाळ्यात दिलेला रंग पोपडे होऊन येतो. पाळण्याखाली घालायला किनाऱ्यावरची वाळू आणायची कल्पना कोणीतरी मांडेल. ती आणायला बंदी आहे आणि त्यातलं मीठ उरलेला पाळणा खाईल. त्यापेक्षा चाळलेली माती, महिन्यातून एकदा टिकावाने मोकळी केलेली. रस्त्याला गुळगुळीत टाइल्स लावू नका. जूनअखेर शेवाळ धरतं आणि पहिला घसरतो तो संध्याकाळी फिरायला आलेला आजोबा. खडी किंवा खडबडीत चिरा, मधून उतार.

पैशांचं काय? तुम्ही कंपनीकडून मिळतील का विचारलंत. मिळाले तर घ्या, पण कंपन्यांना फलक आणि उद्घाटन हवं असतं, पाणी घालायला त्या पैसे देत नाहीत. मी वीस घरांना सांगेन की दरमहा थोडी वर्गणी ठेवा, गणपतीत आणि शिमग्यात चाकरमान्यांकडून एकदा जमवा, खातं दोन सह्यांचं ठेवा आणि हिशेब शाळेच्या फलकावर लावा. जमलेल्यातले निम्मे पैसे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी बाजूला राहू देत. पहिल्या वर्षी काही रोपं मरतातच. गणपतीत पाऊस असतो, तेव्हा मेलेल्यांच्या जागी नवीन लावून घ्यायचं. नातवंडं असतात, हातही मिळतात. त्यांच्या नावाने झाड लावू द्या, पण पाटी झाडाला खिळ्याने ठोकू देऊ नका, बाजूला खुंट रोवून लावा.

मग मे महिना. वीस घरं, चार आठवडे, म्हणजे आठवड्याला पाच घरं. सोमवारी आणि गुरुवारी पाणी. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. मुलांना अर्धी बादली द्या, पूर्ण दिली तर वाटेत सांडते आणि रोपापर्यंत चार लिटरच पोचतं. वेळापत्रक एप्रिलमध्येच शाळेच्या फलकावर आणि दुकानात लावा. जी पाच घरं त्या आठवड्यात लग्नाला जाणार असतील त्यांनी अदलाबदल आपसांत करावी, विचारायला कोणाकडे जायला लागू नये. नळाच्या किल्लीच्या तीन प्रती: एक शाळेत, एक तुमच्याकडे, एक बागेला सगळ्यात जवळच्या घरात, शक्यतो जिथे म्हातारं माणूस कायम असतं अशा घरात.

५ जूनला शाळेत काहीतरी करायचंच असेल तर त्या दिवशी वर्षाभराचे पाण्याचे आकडे फलकावर लिहा. आणि खड्ड्यांची परीक्षा मेमध्ये केलीत की सकाळी प्रत्येकात किती इंच पाणी उरलं ते मला कळवा. वर दिलेली झाडांची यादी त्यावरून बदलावी लागेल.